अवयव मिळाला, पुढे काय?

वार्षिक अंकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली, तेव्हा वर्गातल्या मित्रांनी 'स्पर्धा परीक्षांचे मृगजळ', 'मोबाईल आणि आजचा तरुण' असे विषय ताबडतोब पटकावले. मी माझा विषय सांगितला तेव्हा हशा पिकला. "अरे, तू कला शाखेचा की डॉक्टरकीचा?" असे एकाने विचारलेही. प्रश्न रास्त आहे. अवयव-रोपणाच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर रुग्णाला जो व्यायामोपचार द्यावा लागतो, ज्याला आपण सर्रास फिजिओथेरपी म्हणतो, त्याविषयी मराठी आणि समाजशास्त्र घेऊन शिकणाऱ्या मुलाने लिहावे हे जरा विचित्रच. परंतु हा विषय मी निवडलेला नाही. तो आमच्या घरात येऊन बसला.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आबा सातवीपर्यंत शिकले, आई शाळेत गेलीच नाही, दादाने दहावीनंतर दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायला घेतला. त्यामुळे इंग्रजी अक्षरे असलेला कोणताही कागद घरात आला की तो माझ्यापुढे येतो. विजेचे बिल, औषधाच्या बाटलीवरची सूचना, आणि मी बारावीत असताना आलेला दादाच्या मूत्रपिंडांचा रिपोर्ट. दोन्ही मूत्रपिंडे निकामी होत आली होती. पुढे वर्षभर डायलिसिस चालले. मी प्रथम वर्षाला असताना, दिवाळीनंतर, आईने आपले एक मूत्रपिंड दादाला दिले. दादा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता आणि आई सत्तेचाळीस.

माझे मत आधीच सांगून टाकतो. अवयव-रोपण म्हणजे केवळ शस्त्रक्रिया नव्हे. शस्त्रक्रिया अवयव देते. माणसाला पुन्हा त्याच्या घरात, त्याच्या कामावर उभे करायचे तर त्याचे कष्ट आणि त्याची विश्रांती दोन्ही मोजून द्यावी लागतात. हे मोजण्याचे शास्त्र म्हणजे फिजिओथेरपी. आपल्याकडे मात्र कष्ट आणि विश्रांती यांची वाटणी शरीर पाहून होत नाही, रीत पाहून होते. त्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे, म्हणून हा लेख.

अवयव-रोपणाचा इतिहास वाचायला बसलो तेव्हा तो सगळा शस्त्रक्रियांचा इतिहास निघाला. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसविले आणि ते चालले. या कार्याबद्दल त्यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदय-रोपण केले. त्यानंतर तीनच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, आपल्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तोच प्रयत्न केला. त्यांचा रुग्ण काही तासच जगला. भारतात यशस्वी हृदय-रोपण व्हायला ३ ऑगस्ट १९९४ हा दिवस उजाडावा लागला. ते दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. वेणुगोपाल यांनी केले. त्याच वर्षी अवयव-रोपणाचा कायदाही झाला.

या साऱ्या इतिहासात मला केपटाऊनचा तो रुग्ण, लुई वॉशकान्स्की, सर्वांत जवळचा वाटतो. नव्या हृदयावर तो अठरा दिवस जगला. गेला तो हृदयाने नव्हे, न्यूमोनियाने. व्यायामोपचाराने तो वाचला असता असे मी मुळीच म्हणत नाही. शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून दिलेल्या उपचारांनी त्याची प्रतिकारशक्तीच दडपली गेली होती. पण अवयव चालणे ही एक गोष्ट आणि माणूस जगणे ही दुसरी, हे त्या अठरा दिवसांनी जगाला दाखवून दिले. वर्तमानपत्रात पहिली गोष्ट छापून येते. दुसरी घरच्यांना निस्तरावी लागते.

आमच्याकडे आजारी माणसाने काय करावे याबद्दल दुमत नसते. त्याने पडून राहावे. दादाचे डायलिसिस सुरू झाले आणि आबांनी त्याची खाट ओसरीत टाकली. त्याला पाणी हातात, ताट हातात. तो स्वतः उठून मोरीपर्यंत गेला तरी शेजारीपाजारी हळहळत. या मायेत खोट नव्हती. पण एका वर्षात त्याच्या मांड्या माझ्या दंडाएवढ्या झाल्या. आम्ही म्हणत होतो, "आजाराने वाळला." आजाराने तर होताच, परंतु निम्मा तो खाटेने वाळला होता, हे आम्हाला पुढे कळले.

मित्रहो, येथे एक प्रयोग सांगण्यासारखा आहे, कारण तो आपल्यासारख्या विद्यार्थ्यांवरच झाला होता. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस शहरात विशीतल्या पाच निरोगी विद्यार्थ्यांना तीन आठवडे अंथरुणावर नुसते झोपवून ठेवले. त्यांना ना ताप, ना जखम, ना औषध. उठले तेव्हा त्यांची श्रम करण्याची ताकद पावपटीहून अधिक घटली होती. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची, ते पन्नाशीत असताना, पुन्हा तपासणी झाली. तेव्हा असे आढळले की तीस वर्षांच्या वयाने त्यांचे जेवढे नुकसान केले नव्हते तेवढे विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केले होते. धडधाकट पोरांची ही गत, तर ज्याचे मूत्रपिंड, यकृत किंवा हृदय आधीच थकले आहे त्याची काय होत असेल?

म्हणूनच व्यायामोपचार शस्त्रक्रियेच्या आधीपासून हवा. अवयवाची वाट पाहण्यात महिने जातात, कधी वर्षे जातात. तो काळ खाटेवर काढला तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाणारा माणूस आधीच अर्धा झालेला असतो. फुप्फुसाच्या रोपणासाठी थांबलेल्या रुग्णाला सहा मिनिटे सपाट जागेवर चालायला लावतात आणि तो किती मीटर गेला हे मोजतात. यकृताच्या रुग्णाची मुठीची पकड पाहतात. हाताची मदत न घेता तो खुर्चीवरून पाच वेळा किती सेकंदांत उठतो, तोल सावरून उभा राहू शकतो का, हे पाहतात. चाचण्या साध्या आहेत. यंत्र म्हणाल तर घड्याळ, खुर्ची आणि पकड मोजण्याचे एक छोटे साधन. पण त्यावरून हा माणूस शस्त्रक्रियेचा धक्का कितपत सोसेल याचा अंदाज येतो, आणि तो वाढविण्यासाठी व्यायाम ठरविता येतो.

दादाच्या वाट्याला हे उशिरा आले, पण आले. शस्त्रक्रियेच्या दीड महिना आधी शहरातल्या रुग्णालयात एक तरुण बाई त्याच्याकडे येऊ लागल्या. वॉर्डात सगळे त्यांना 'एक्सरसाइजवाल्या मॅडम' म्हणत. त्यांनी प्रथम त्याला खोल श्वास घ्यायला शिकविले. तीन चेंडू असलेले प्लास्टिकचे एक यंत्र असते. नळीतून श्वास आत ओढला की चेंडू वर जातात. दादाचा एकच चेंडू उठे. मग खोकायला शिकविले! हसू नका. पोटावर टाके असताना माणूस भीतीने खोकत नाही, कफ आत साठतो आणि फुप्फुसात संसर्ग होतो. टाक्यांवर उशी दाबून धरून कसे खोकायचे, कुशीवर वळून हाताच्या जोरावर कसे उठायचे, ही विद्या आधी शिकलेली असली तर त्या दिवशी कामी येते.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी मॅडमनी दादाला खाटेवरून उठवून उभे केले. आबा दारातून पाहत होते. ते कळवळून म्हणाले, "अवो बाई, पोराच्या अंगात रगत न्हाई, कशाला उठवता?" मॅडम म्हणाल्या, "आबा, झोपवून ठेवला तर पायात रक्ताची गुठळी होईल. उभा राहिला तर छातीही मोकळी होईल." आबांना पटले नाही, पण ते गप्प राहिले. दादा चार पावले चालला आणि रडला. दुखत होते म्हणून की चालता आले म्हणून, हे मी त्याला अजून विचारलेले नाही.

रोपणानंतरचा व्यायाम हा आखाड्यातला व्यायाम नव्हे. तो प्रत्येक अवयवागणिक निराळा असतो. हृदयाचेच उदाहरण घ्या. नवे हृदय छातीत बसते, पण मेंदूकडून त्याला येणाऱ्या नसा तुटलेल्या असतात. आपण धावू लागलो की आपले हृदय तत्काळ वेग घेते. रोपण केलेले हृदय रक्तातून येणाऱ्या अॅड्रिनलिनची वाट पाहते, म्हणून सावकाश वेग घेते आणि सावकाशच उतरते. अशा रुग्णाला एकदम जिना चढायला लावणे चूक आणि एकदम थांबविणेही चूक. त्याची नाडी मोजून श्रमाचा अंदाज येत नाही. म्हणून गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने केलेली ६ ते २० अंकांची एक मोजपट्टी वापरतात. रुग्णाने स्वतःच सांगायचे की श्रम किती वाटतात. नाडीपेक्षा रुग्णाच्या शब्दावर विसंबणारे हे शास्त्र पाहून मला फार बरे वाटले.

मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या अडचणी वेगळ्या. नवे मूत्रपिंड ओटीपोटात पुढच्या बाजूला बसवितात. तेथे ते बरगड्यांच्या आडोशाला नसते, म्हणून कबड्डी-कुस्तीसारखे धक्काबुक्कीचे खेळ नकोत. शिवाय घ्याव्या लागणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी मांड्यांचे स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात. दादा घरी आला तेव्हा मूत्रपिंड उत्तम चालत होते, पण पाटावर जेवायला बसला की त्याला उठता येत नव्हते. आमच्याकडच्या संडासात उकिडवे बसावे लागते; पहिले काही दिवस आबा बाहेर उभे राहत आणि हात देऊन त्याला उठवीत. सव्वीस वर्षांच्या मुलाला याची किती लाज वाटत असेल! त्यावर औषध नव्हते. उपाय होता तो मॅडमनी शिकविलेला : उंच खुर्चीवरून उठबस, दिवसाला तीन वेळा, मग हळूहळू खुर्ची बुटकी करीत जाणे. आणि चालणे. आमच्या गावाबाहेरच्या रस्त्याला विजेचे खांब आहेत. पहिल्या आठवड्यात चार खांबांपर्यंत, मग सहा, मग दहा. चालताना बोलता आले पाहिजे. दम लागून वाक्य तुटले की थांबायचे. रोज पहाटे, गर्दी नसताना, तोंडाला मास्क लावून मी त्याच्याबरोबर जात असे. दोन महिन्यांनी तो पाटावरून एकटा उठला. आज तो पंचायतीसमोर लहानसे दुकान चालवितो.

येथेच लेख संपविला असता तर तो यशोगाथा झाला असता, आणि खोटा झाला असता. कारण आमच्या घरात खाटा दोन होत्या.

आईला रुग्णालयातून दादाच्या आधी घरी पाठविले. कुशीत लांब टाके होते. तिच्या कार्डावर इंग्रजीत काही सूचना होत्या, त्यांतली एक होती, जड वजन उचलू नये. ती मीच वाचली आणि मीच घरात सांगितली. पण 'वजन' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे धान्याचे पोते आले, व्यायामशाळेतले लोखंड आले. पाण्याचा हंडा आला नाही. हंडा आईच्या डोक्यावर मी जन्मल्यापासून पाहत आलो आहे. तो वजन आहे हे माझ्या मनातच आले नाही. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पाणीच पंधरा किलो, वर भांडे निराळे. तिसऱ्या आठवड्यात आईने नळावरून हंडा आणायला सुरुवात केली. आमच्यापैकी कोणी अडविले नाही. मी दादाला घेऊन खांब मोजायला निघत होतो आणि ती हंडा घेऊन घरात शिरत होती. आम्ही एकमेकांच्या शेजारून जात होतो.

काही महिन्यांनी तिच्या टाक्यांपाशी फुगवटा दिसू लागला. हर्निया. मी चिडून म्हणालो, "तू सांगितलं का नाहीस दुखतंय म्हणून?" ती म्हणाली, "मी काय आजारी हुते व्हय? आजारी तो. मी तर दिलंय." डॉक्टरांनी आणखी एक शस्त्रक्रिया सांगितली आहे. सुगी संपली की बघू, असे ती म्हणते. गेली सुगी संपली. ही दुसरी चालू आहे.

दादाच्या तपासणीच्या वेळी मी हे मॅडमना सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दात्याचा कागद माझ्याकडे येतच नाही. मला रुग्णाचा येतो." त्यांच्या या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्या रुग्णालयाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांनी दादाचे प्राण वाचविले. पण कागदावर जो रुग्ण नाही त्याचे शरीर मोजले जात नाही, आणि आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये स्त्रिया पुरुषांपेक्षा पुष्कळ अधिक आहेत, तर अवयव मिळणाऱ्यांत पुरुष अधिक आहेत. म्हणजे घरोघरी एका खाटेवर अवयव घेतलेला पुरुष आणि चुलीपुढे अवयव दिलेली बाई, असेच चित्र बहुधा असणार. त्याला गरजेपेक्षा जास्त विश्रांती आणि तिला गरजेपेक्षा जास्त काम. दोन्ही घातक, आणि दोन्ही मायेच्या किंवा सवयीच्या नावाखाली.

यावर कोणी म्हणेल, आधी अवयव तरी मिळू द्या, मग व्यायामाच्या गोष्टी करा. वाट पाहतच लोक मरत आहेत हे खरे आहे. पण ज्या घराने एवढे दिले त्या घराला ते टिकवायला शिकविणे, हा काही अवयव मिळविण्याच्या आड येणारा खर्च नाही. लाखोंच्या शस्त्रक्रियेपुढे तासाभराचे शिकविणे किती महाग पडेल? दुसरा कोणी म्हणेल, खेड्यात फिजिओथेरपिस्ट आणायचे कोठून? आमच्या तालुक्याच्या रुग्णालयातही नाही. परंतु मग जे शहरात आहे ते तरी नीट सांगून पाठवा.

मला तीन गोष्टी सुचतात. पहिली, घेणारा आणि देणारा या दोघांनाही शस्त्रक्रियेआधी आणि घरी जाताना फिजिओथेरपिस्टने भेटावे. दात्याचा कागदही त्यांच्याकडे जावा. दुसरी, सूचना मराठीत असाव्यात आणि घरातल्या मापात असाव्यात. 'पाच किलो' लिहू नका. 'भरलेला हंडा नाही, कळशीही नाही, तांब्या चालेल' असे लिहा. उकिडवे केव्हा बसायचे, पाटा-वरवंटा केव्हा, भारा केव्हा, पोर कडेवर केव्हा, हे लिहा. तिसरी, त्या सूचना सांगताना घरातल्या पुरुषांना समोर बसवा. बाईने हंडा उचलू नये एवढे सांगून भागत नाही. मग तो कोणी उचलायचा हे ठरवावे लागते.

शेवटी आपल्याविषयी. आपली राष्ट्रीय सेवा योजनेची शाखा अवयवदानाची फेरी काढते. गेल्या वर्षी घोषणा देणाऱ्यांत मीही होतो आणि यंदाही असेन, कारण दान झाले नसते तर दादा आज नसता. परंतु फेरीनंतर आपण घरी जातो आणि खाटा घरी येतात. पुढच्या शिबिरात आपण गावात अशी घरे आहेत का ते विचारावे आणि असतील तर तेथे जावे, असे मी सुचवितो. इंग्रजी कार्ड मराठीत वाचून दाखवायला डॉक्टर असावे लागत नाही. मात्र वाचताना माझ्यासारखे वाचू नका. शब्दाचा अर्थ सांगण्याआधी त्या घरात एकदा नजर फिरवा आणि पाहा, कोण काय उचलते आहे.

१९७८ पासून इंग्लंडमधील पोर्ट्‌समथ येथे सुरू झालेल्या जागतिक स्पर्धांत रोपण झालेली माणसे धावतात, पोहतात. दादाला मी हे सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "मला धावायचं नाही. मला आईचा हंडा आणायचाय." त्याला तो अजून जड आहे. म्हणून सध्या हंडा मी आणतो. पहिल्या दिवशी नळावरच्या बायका हसल्या. आता हसत नाहीत. नंबर लावायला जागा देतात.

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला